‘आपल्यातला’ म्हणजे कोणातला?

धर्मग्रामाने युवककार्यासाठी मानधनावर माणूस नेमायचे ठरवले, की पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाहेरचा कशाला? आपल्यातलाच घेऊ या.’ या म्हणण्यात तथ्य आहे. कोणत्या दोन घरांत अबोला आहे, कोणाचा मुलगा मिस्साला येऊन देवळाबाहेरच उभा राहतो, हे परक्याला उमगायला वर्षे जातात. माझे मन अडते ते ‘आपल्यातला’ या शब्दापाशी.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा सहावा अध्याय आठवावा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषक विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी श्रद्धावंतांना आपल्यामधूनच सात जण निवडावयास सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. त्यांतला निकलाव तर यहुदी धर्म स्वीकारलेला अंत्युखियाचा माणूस. निवड आपल्यातलीच झाली. परंतु ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूची, असे दिसते. वसईत हा धडा गिरवायचा तर सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्यासोबत स्टेशनलगतच्या इमारतींत आलेली मंगळुरी, गोवेकर, तामिळ कुटुंबेही ‘आपल्यात’ मोजावी लागतील. त्यांची मुले मिस्साला दिसतात, युवक संघटनेच्या यादीत क्वचितच.

वेतनाविषयी १९८३ च्या धर्मसंहितेचे २३१ वे कलम निःसंदिग्ध आहे. ख्रिस्तसभेच्या सेवेत असलेल्या प्रापंचिकाला स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागतील असे वेतन मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या कामाचे यथायोग्य प्रशिक्षण घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. ‘घरचाच आहे, भागवून घेईल’ असे म्हणून आपण दोन्हींना फाटा देतो. (गिटार वाजवता येणे हे प्रशिक्षण नव्हे.)

खरा पेच पुढेच आहे. बाहेरून आलेल्याला काम जमले नाही तर तो निरोप घेऊन जातो. आपल्यातल्याने जावे कुठे? रविवारी त्याला त्याच बाकावर आईवडिलांशेजारी बसायचे असते. एकाची नोकरी जाताना एका कुटुंबाचे देऊळ तुटू शकते. या भीतीने आपण त्याच्या कामाकडे काणाडोळा करतो. त्या दयेची किंमत मात्र युवकांना मोजावी लागते. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मनातली व्यथा आईच्या मैत्रिणीच्या मुलाजवळ सहसा बोलत नाही; ती गप्प राहते, आणि कौन्सिलला वाटते की सर्व सुरळीत आहे. दया एकावर आणि अन्याय अनेकांवर, अशा सौद्याला मी ख्रिस्ती प्रेम म्हणू शकत नाही.

म्हणून नेमणूक ठरावीक मुदतीची असावी व ती मुदत लेखी असावी. ज्यांना मार्गदर्शकाजवळ बोलता येत नाही, अशा मुलामुलींसाठी धर्मग्रामाबाहेरची एखादी सिस्टर ठरवून द्यावी. निवड करणाऱ्यांत उमेदवाराचा नातलग नसावा. आपल्याकडे कोणाशीही सोयरीक नसलेला कौन्सिल सदस्य शोधणे हेच मोठे दिव्य. तेव्हा शेजारच्या धर्मग्रामातील एखाद्या अनुभवी शिक्षिकेला निवडीसाठी बोलवायला हरकत नसावी.