दयेची किंमत कोणी द्यावी?

शब्बाथ शाळेच्या वर्गात मुले कधी कधी असा प्रश्न विचारतात की, त्याचे उत्तर शिक्षकालाही चटकन देता येत नाही. असाच एक प्रश्न आहे : माणसे उपाशी असताना, रस्त्यावरून उचलून आणलेल्या जखमी कुत्र्यांच्या आश्रमात जाऊन सेवा करणे योग्य आहे काय?

सुरतेस हा प्रश्न नवा नाही. खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेले आपले पुष्कळ बांधव आज त्या शहरात राहतात. तेथील इंग्रज वखारीत जॉन ओव्हिंग्टन नावाचे धर्मोपदेशक आले. १६९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात ते सांगतात की, शहरापासून मैलभर अंतरावर वाणी लोकांनी चालविलेले एक मोठे इस्पितळ होते. आजारी, लंगड्या व म्हाताऱ्या झालेल्या गाई, घोडे, शेळ्या आणि कुत्री यांना तेथे आसरा मिळे. ओव्हिंग्टन यांच्या स्वतःच्या देशात मुक्या प्राण्यांच्या रक्षणासाठी संस्था निघाली ती १८२४ साली. या बाबतीत आमचे शेजारी आमच्या पुढे होते, हे आम्ही नम्रपणे कबूल केले पाहिजे.

पण त्याच पुस्तकात आणखी एक हकीकत आहे. जवळच ढेकूण-पिसवांसाठीही एक जागा होती. त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवीत, आणि तो पळू नये म्हणून बांधून ठेवीत. परक्या प्रवाशाचे लिहिणे म्हणून त्यातून काही वजा केले, तरी प्रश्न उरतोच. पुण्य एकाचे आणि रक्त दुसऱ्याचे, अशा दयेला दया म्हणावे काय?

हसण्यापूर्वी आपण स्वतःकडे पाहू. संध्याकाळी कोणाच्या तरी दाराशी चार बिस्किटे टाकून आपण समाधानाने घरी जातो. तेथे जमलेली कुत्री पहाटे झाडू घेऊन निघालेल्या बाईच्या अंगावर धावतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांना नेमलेल्या जागीच खाऊ घालावे असा आदेश दिला, तो निर्दयपणाने नव्हे. आमच्या दयेची किंमत त्या बाईने का द्यावी?

आश्रमातील सेवेची कसोटीही हीच. गोजिरवाणी पिल्ले मांडीवर घेऊन छायाचित्र काढणे सोपे आहे. परंतु अळ्या पडलेली जखम धुणे, पाठीचा कणा मोडलेल्या कुत्र्याला चट्टे पडू नयेत म्हणून वरचेवर कुशीवर वळविणे, पिंजऱ्यातील घाण काढणे ही कामे रोजंदारीच्या मजुरावर टाकून आम्ही परतलो, तर आम्ही सेवा केली नाही, करमणूक केली. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात वाटेवर पडलेल्या जनावराविषयी आज्ञा आहे. त्याच्या धन्याबरोबर स्वतः हात लावून त्याला उठवावे, असे ती सांगते.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. घरी अंथरुणाला खिळलेल्या आईला टाकून कोणी आश्रमात गेला, तर त्याच्या दयेची किंमत आई देते. ती सेवा खोटी. पण जो आपला विसावा, आपला पैसा, आपले हात देतो, तो कोणत्या उपाशी माणसाचा घास काढून घेतो? लाजराच्या दाखल्यात दारी पडलेल्या त्या दरिद्र्याजवळ कुत्री आली. आतला श्रीमंत आला नाही. तो काही कुत्र्यांच्या सेवेत गुंतला होता म्हणून नव्हे.

शिक्षकांनी मोठ्या मुलांना अशा ठिकाणी अवश्य न्यावे. अगोदर डॉक्टरांना विचारून रेबीजची लस टोचून घ्यावी. चावा किंवा ओरखडा झालाच तर ती जागा साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. आणि तेथे पोहोचल्यावर पिल्लांकडे जाण्यापूर्वी झाडूवाल्या मजुरास विचारावे, "दादा, आज तुमचे कोणते काम आम्ही करू?"