आग्रहाचे मोल : ‘दे’ड रादर बी राइट’चे पुनर्वाचन

मार्क क्लिफ्टन आणि फ्रँक रायली यांची ‘दे’ड रादर बी राइट’ ही कादंबरी १९५४ मध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १९५५ मध्ये क्लीव्हलँड येथील विज्ञानसाहित्याच्या संमेलनात तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुढे मात्र ‘हा पुरस्कार मिळालेली सर्वांत वाईट कादंबरी’ हीच तिची ओळख रूढ झाली, आणि ती न वाचलेलेही हा निवाडा निःशंकपणे उद्धृत करतात. आक्षेप निराधार नाहीत. पात्रे कल्पनांची वाहने आहेत, संवादांची वारंवार व्याख्याने होतात. तथापि तिच्यातील नैतिक प्रश्न या दोषांबरोबर निकालात निघत नाही.

‘बॉसी’ हे विचार करणारे यंत्र माणसाला पुन्हा तरुण आणि मृत्युमुक्त करू शकते. त्यासाठीची अट एकच : आपल्या धारणांवरील पकड सोडण्याची तयारी. ज्यांना स्वतःचे बरोबर असणे जगण्याहूनही प्रिय आहे, त्यांना या यंत्राचा उपयोग नाही. शीर्षकाचा रोख त्यांच्यावरच आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील, एकेकाळी वेश्याव्यवसायात असलेली वृद्ध मेबल मात्र यंत्रातून तरुण होऊन बाहेर पडते.

मेबलची ही निवड कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण घटना होय. समाजाने जिला कधी ‘बरोबर’ मानलेच नाही, तिच्यापाशी जपण्याजोगी प्रतिष्ठा नाही. विद्वान वा अधिकारी यांच्या मतांत मात्र त्यांचे स्थान, मानमरातब आणि उभा आत्मसन्मान गुंतलेला असतो. मत सोडणे ही केवळ बौद्धिक कृती नसून तिला सामाजिक किंमत असते, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही, हे येथे सूचित होते. क्लिफ्टन यांची हयात कारखान्यांच्या कर्मचारी विभागात माणसे पारखण्यात गेली होती. ही जाण तेथून आली असावी.

परंतु येथेच एक गंभीर गफलत होते. पुरावा पाहून मत बदलणे आणि लाभासाठी मत सोडणे यांत कादंबरी पुरेसा भेद करीत नाही. १९५४ हे मॅकार्थीच्या चौकश्यांचे वर्ष. जुने संबंध नाकारा, सहकाऱ्यांची नावे सांगा, म्हणजे उपजीविका वाचेल, असा पर्याय त्या काळात अनेकांपुढे ठेवला गेला. तो नाकारणाऱ्यांनाही स्वतःचे बरोबर असणे सुरक्षिततेहून प्रिय होते. त्यांच्या नकाराला अहंकार म्हणता येईल काय? लेखकद्वयाला लोकमताच्या दडपशाहीची चीड आहे. तरीही त्यांच्या यंत्राच्या कसोटीवर असा निग्रही मनुष्य आणि निव्वळ हेकेखोर मनुष्य एकाच रांगेत उभे राहतात.

शिवाय पकड सैल करण्याची ही अट माणसांपुरतीच आहे. बॉसीचा न्याय पूर्वग्रहरहित मानला जातो. तिला स्वतःला कोणत्याही कसोटीतून जावे लागत नाही. परिणामी यंत्राचे न मानणारा आपोआप पूर्वग्रहदूषित ठरतो, आणि कादंबरीला नाकारणारा वाचकही त्याच पंक्तीत बसवता येतो. स्वतःवरील प्रत्येक आक्षेप अशा रीतीने आधीच जिंकून ठेवणारी ही संहिता तिने उपहासलेल्या विद्वानांहून कमी आग्रही नाही. तिच्या पानांत या व्यवस्थेबाहेरचे काही उरत असेल तर ती मेबल. आणि आपण बरोबर आहोत, असे सिद्ध करण्याची गरज तिला तरुण झाल्यावरही वाटत नाही.