घाण कुणाची, दगड कुणाचा?

सरळ विचारतो. पुतळ्यावर गू फेकणं नैतिक आहे काय?

९ मार्च २०१५. दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन विद्यापीठ. चुमानी मॅक्सवेले या विद्यार्थ्यानं सेसिल ऱ्होड्सच्या पुतळ्यावर मैला फेकला. ऱ्होड्स म्हणजे केप वसाहतीचा पंतप्रधान, हिऱ्यांच्या खाणींचा धनी, काळ्यांच्या जमिनी गिळणारा. मैला आणला होता खायेलित्शा या काळ्यांच्या वस्तीतून. तिथं धड संडास नाहीत. सभ्य लोकांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, काय हा असंस्कृतपणा! पण तोच मैला वस्तीत होता तवर कुणाच्या नाकाला झोंबला नव्हता. दगडाला लागला तेव्हा वास आला.

ज्यांच्या आयामायांनी डोक्यावर मैल्याच्या पाट्या वाहिल्या त्यांना हे समजवायला नको. घाण करणारा अन् घाण दाखवणारा एक नसतो.

९ एप्रिलला क्रेननं पुतळा उचलला. त्या वेळी सेथेम्बिले म्सेझाने ही कलावंत बाई जवळच एका चौथऱ्यावर तासन्‌तास उभी होती. हातांना पंख बांधलेले, रूप झिम्बाब्वेच्या चापुंगू पक्ष्याचं. एकानं दगडाचं सोवळं मोडलं. दुसरीनं रिकाम्या जागी कोण उभं राहायचं ते स्वतःच्या देहानं सांगितलं. दोन्ही लागतात. नुसतं मोडून भागत नाही.

आता कुणी खवचटपणे विचारील, मग तुमचा कोरेगावचा खांब? तोही इंग्रजाचाच. पाडायचा का?

प्रश्न टाळू नका. तो खांब कंपनीनं स्वतःच्या विजयासाठी उभारला, आपल्या मुक्तीसाठी नाय. त्याच इंग्रजानं पुढं महारांची लष्करभरती बंद केली. पण त्या दगडावर 'नाक' लागलेली आपल्या माणसांची नावं आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहिले अन् कंपनीच्या दगडाचा अर्थ बदलला.

म्हणून दगड कुणी बसवला एवढ्यावर थांबू नका. त्याच्यापुढं सगळ्यात तळाच्या माणसाची मान वर होते की खाली, ते बघा. ऱ्होड्सपुढं ती खाली जायची. कोरेगावात ती वर होते.

हीच कसोटी आपण बसवलेल्या पुतळ्यांनाही लावा. जयंतीला हार घालायचा अन् आपलाच भाऊ गटारात उतरताना गप बसायचं, तर त्या हारालाही वास येतो. तो वास आधी आपल्या नाकाला आला पायजे.