दाराशी बसलेला सिंह

यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या दाराशी दोन प्रचंड सिंह आहेत. म्यानमारमध्ये त्यांना 'चिंथे' म्हणतात. त्यांची लोककथा काळजाला भिडणारी आहे. एका राजकन्येला सिंहापासून मुलगा झाला. पुढे ती मुलाला घेऊन निघून गेली आणि सिंह दुःखाने, मग संतापाने गावे उद्ध्वस्त करू लागला. मुलानेच त्याला मारले. तो आपला बाप होता हे कळल्यावर पश्चात्तापाने त्याने मंदिराच्या दाराशी सिंहाची मूर्ती बसवली.

श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली ग्रंथात अशीच कथा आहे. तिथला सिंहबाहू बापावर बाण सोडतो. पण लेकाला पाहून सिंहाचे मन मायेने भरून आलेले असते, म्हणून बाण कपाळावर आपटून परत फिरतो. तीनदा असेच होते. मग सिंहाला राग येतो, आणि पुढचा बाण शरीरात घुसतो. मैत्रीभावनेच्या बळाविषयी इतके नेमके मी क्वचितच कुठे वाचले आहे.

आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरही स्तंभावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. गोतीचा मुलगा महारठी अगिमित्रणक याने तो स्तंभ दान दिल्याचे त्यावर कोरले आहे. लोणावळ्याकडे गेलात, तर पायऱ्या चढून त्यांना जरूर पाहा.