दुःख विचारण्याचा अधिकार

“हल्लीच्या तरुणांना झाले आहे तरी काय?” हा प्रश्न आपण घरी, शाळेत व मंडळीत वारंवार करतो, पण एकमेकांना. तरुणांना तो क्वचितच विचारतो.

तरुणांच्या मनाचे आरोग्य सुधारावयाचे तर चौकशी व अभ्यास हवाच. परंतु दुसऱ्याचे दुःख कागदावर टिपून घेण्याचा अधिकार आपणांस कोठून मिळतो? आमच्या मते तो विद्येने किंवा पदाने मिळत नाही. ज्याचे दुःख आहे त्याला त्या कामात भागीदार करावे आणि त्याचे उत्तर ऐकून स्वतः बदलण्यास तयार असावे, तरच तो मिळतो.

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेचा एक अभ्यास येथे विचारात घेण्यासारखा आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत तो झाला. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, एकट्याने बोलण्याची सोय, असा कार्यक्रम होता. काही शाळांत तो तेथील शिक्षकाने चालविला. काहींत, डॉक्टर नसलेल्या पण त्यासाठी तयार केलेल्या समुपदेशकाने. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, उदासी व दांडगाई कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

यावरून शिक्षक निर्दय ठरत नाहीत. मात्र जो गुण देतो व शिक्षा करतो, त्याच्यापुढे मूल मन मोकळे करण्यास कचरते, असे आम्हांस वाटते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही याचा विचार करावा. आपण तर मुलाच्या वडिलांनाही ओळखतो!

कोणी म्हणेल, “मुलांना काय कळते?” ज्याचे जळते त्यालाच कळते. म्हणून मंडळीने असे काम हाती घेतल्यास प्रश्न ठरवितानाच तरुणांना बरोबर बसवावे. नको म्हणण्याची त्यांना मोकळीक असावी. सांगितलेले गुप्त राहील, मात्र जिवाला धोका दिसल्यास मदत आणावी लागेल, हे आधीच स्पष्ट करावे. (सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.) आणि जे कळले ते प्रथम तरुणांपुढेच मांडावे.

ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते मित्र होते; बोलू लागले तेव्हा न्यायाधीश झाले. आपल्याच घरातील धाक आम्हांला जड जातो, असे तरुणांनी सांगितले, तर तेही उत्तर आपण लिहून घेऊ काय?