फुग्यामागची माणसं

अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला दर ऑक्टोबरात गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरतो. १९७२ साली पहिल्या मेळ्यात फुगे होते अवघे १३.

या फुग्याला ना सुकाणू, ना ब्रेक. वर-खाली जाणं तेवढं वैमानिकाच्या हाती, दिशा वाऱ्याची. म्हणून आधी एक छोटासा फुगा सोडायचा आणि तो कुठे वळतो ते माना वर करून बघायचं. मेळ्यातली एक स्पर्धा काय, तर जमिनीवरच्या खुणेवर वजन बांधलेली फीत अचूक टाकायची. टाळ्या अर्थातच टाकणाऱ्याला. पण दोघांनी कापडाचं तोंड ताणून धरलं, तिसऱ्यानं शेंड्याचा दोर घट्ट धरला, तेव्हा कुठे फुगा उडाला. आता हीच मंडळी गाडीतून त्याच्यामागे धावताहेत. उतरल्यावर तो अजस्र फुगा पिशवीत कोंबायचा, तोही त्यांनीच.