काटोलचा संत्रा, फ्लरीची वाइन

नोव्हेंबर उजाडला की नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहराच्या संत्र्यांचे ढीग लागतात. त्याच महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी फ्रान्समधल्या बोजोले या छोट्या प्रदेशाची त्या वर्षीची ताजी वाइन जगभर एकदमच विक्रीला खुली होते. दोन्ही मालांची ओढ त्यांच्या ताजेपणात. दोन्ही मुलखांनी एका नावावर, एका हंगामावर आणि मोजक्या गिऱ्हाइकांवर भिस्त ठेवली. बोजोलेला त्याचा फटका बसला आणि त्यातून वाटही सापडली. विदर्भाला फटका दर दोन-चार वर्षांनी बसतो. वाटेची चर्चा मात्र अनुदान आणि प्रक्रिया कारखाना यांच्यापुढे फारशी सरकत नाही.

बोजोले म्हणजे लिऑं शहराच्या उत्तरेला, सोन नदीच्या पश्चिमेला पसरलेली टेकड्यांची साधारण ५५ किलोमीटर लांबीची पट्टी. दक्षिणेकडे चिकणमाती आणि चुनखडी, उत्तरेकडे ग्रॅनाइट. हा खडक झिजून उतारांवर वाळूसारखी भुसभुशीत, आम्लधर्मी जमीन तयार झाली आहे. इतर पिकांना ती नकोशी. गामे या द्राक्षाला मात्र मानवली. सकस जमिनीत गामेची वेल भरमसाट माल देते आणि रस पातळ होतो. हलक्या जमिनीत तिचा जोर आपोआप आवरतो. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने आपल्या राज्यातून गामे उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. त्याच जातीने या ग्रॅनाइटच्या उतारांवर पाय रोवले.

इथे द्राक्षे चिरडत नाहीत. हाताने तोडलेले घड अख्खेच टाकीत जातात, टाकीत कार्बन डायऑक्साइड वायू साठतो आणि आंबण्याची क्रिया दाण्याच्या आतच सुरू होते. सालीचा तुरटपणा फार उतरत नाही. रंग आणि फळाचा वास उतरतो. काही आठवड्यांत पिण्याजोगी होणारी ही हलकी लाल वाइन पूर्वी लिऑंच्या खानावळींतून खपे. १९५१ पासून ती लवकर विकण्याची मुभा मिळाली, १९८५ मध्ये तिसरा गुरुवार मुक्रर झाला. जॉर्ज द्युबफ या व्यापाऱ्याने त्या दिवसाचा जगभर सोहळा केला. जपान मोठे गिऱ्हाईक झाले.

मालाचे पैसे सहा आठवड्यांत हातात येत, म्हणून बागायतदार खूश होते. पण घाईच्या मालात घाईचे दोषही येतात. २००१ च्या हंगामातली सुमारे ११ लाख खोकी वाइन पडून राहिली आणि ती नष्ट करावी लागली किंवा तिचे ऊर्ध्वपातन करून टाकावे लागले. बोजोले हे नाव तोवर स्वस्त, बाळबोध वाइनशी इतके जोडले गेले होते की चांगला माल करणाऱ्यालाही ते लेबलावर ओझे वाटू लागले.

त्याला आधार मिळाला गावांचा. उत्तरेकडच्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यात फ्लरी, मोर्गों, मूलां-आ-व्हां, ज्युलिएना, शिरूब्ल, ब्रुई अशी दहा नावे आहेत. बहुतेकांना १९३० च्या दशकातच स्वतःच्या नावाने वाइन विकण्याचा कायदेशीर हक्क मिळाला होता. शेवटच्या रेन्येला तो १९८८ मध्ये मिळाला. या बाटल्यांवर ठळक अक्षरात गावाचे नाव असते. फ्लरीची वाइन नाजूक, फुलांच्या वासाची. मूलां-आ-व्हांची भरदार, काही वर्षे मुरवून ठेवावी अशी. द्राक्ष तेच, जमीन वेगळी. वाइनचे व्यापारी आणि रसायनाचे अभ्यासक ज्यूल शोव्हे यांच्यापासून स्फूर्ती घेऊन मार्सेल लापिएर यांच्यासारख्या मोर्गोंच्या बागायतदारांनी १९८० च्या दशकापासून रसायने कमी केली आणि वाइन सावकाश केली. बाजार कोसळला तेव्हा जाणकार गिऱ्हाईक या गावांकडे वळले. संकट पूर्ण टळले असे नाही. बोजोलेतल्या कितीतरी बागा मोडल्या. पण ज्यांच्याकडे गावाचे नाव होते त्यांच्याकडे दर सांगण्याची थोडी तरी ताकद उरली.

आता विदर्भाकडे पाहू. रघूजी भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून आलेली कलमे इथे रुजली असे सांगितले जाते. आज काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हे नागपूर जिल्ह्यातले तालुके आणि वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हे अमरावती जिल्ह्यातले तालुके मिळून संत्र्याचा मुलूख होतो. या सगळ्यांचा माल ‘नागपुरी’ या एकाच नावाखाली बाहेर जातो. वरूडच्या शेतकऱ्याने पिकवलेला संत्राही दिल्लीत नागपूरचाच.

या फळामागची कारागिरी एका गोष्टीतून दिसते. आंबिया बहर धरायचा तर पावसाळा सरल्यावर बागेचे पाणी तोडतात. झाडाला ताण देतात. पाने मलूल होतात, काही गळतात, काडीत अन्नसाठा होतो. जानेवारीच्या सुमारास ओलीत सुरू झाले की फुले फुटतात आणि फळ नोव्हेंबरच्या आसपास हाती येते. मृग बहरासाठी हाच ताण उन्हाळ्यात बसतो, पहिल्या पावसावर फुले येतात, तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताण किती दिवस द्यायचा हे जमीन ठरवते. हलक्या मुरमाड जमिनीत तो लवकर बसतो, खोल काळ्या जमिनीत ओल टिकून राहते आणि बसता बसत नाही. त्याच काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा झाला नाही की खोडाला डिंक्या लागतो. म्हणजे एका तालुक्यातही दोन गावांचा, कधी एकाच गावातल्या दोन वावरांचा संत्रा वेगळ्या परिस्थितीत तयार होतो. शेतकऱ्याला हे पाठ असते. बाजाराला ते कळण्याची सोयच नाही.

कारण बाग बहुधा उक्ती जाते. फळ झाडावर असतानाच व्यापारी अंदाजाने सौदा करतो, तोडणी त्याची, वाहतूक त्याची. बाजारात प्रतवारी होते ती आकार आणि रंग पाहून. बारीक फळ ‘चुरी’ म्हणून मातीमोल जाते. ढिगातल्या फळाचे गाव तिथेच पुसले जाते. मग मागणीची एक वाट बंद झाली की सगळा मुलूख एकदम अडतो. बांगलादेश हा या संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. त्याने आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेले तेव्हा काटोलपासून अचलपूरपर्यंत सर्वांचे भाव सारखेच पडले. निगुतीने पिकवणारा आणि कसेबसे पिकवणारा यांत बाजाराने भेद केला नाही.

२०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अभिमान योग्यच आहे, पण मानांकनाने आपोआप भाव मिळत नाही. कायद्यानुसार उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीचा उपयोग खोक्यावरची खूण म्हणून झाला तरच गिऱ्हाइकापर्यंत काही पोचते. संस्थांच्या बाबतीत विदर्भाचा पूर्वानुभव बोलका आहे. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘नोगा’ हे नाव जन्मले. पुढे ते राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेले. आज नोगाचे सॉस आणि जॅम घरोघरी माहीत आहेत; ते नाव संत्रा बागायतदारांचे होते हे फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रक्रिया उद्योग हवाच. चुरीला त्याशिवाय दुसरा रस्ता नाही. मात्र नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की लिमोनिन या घटकामुळे कडवट होतो, आणि कारखान्याला स्वस्त कच्चा माल लागतो. उत्तम फळाला उत्तम भाव कारखाना देणार नाही. तो ताज्या फळाच्या गिऱ्हाइकाकडूनच यावा लागेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. वाइन वर्षानुवर्षे टिकते, तिची चव घेऊन तुलना करता येते. संत्रा काही दिवसांत सुकतो, मग गावाचे नाव मिरवून काय मिळणार? याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. हापूसही नाशवंत. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, तरी देवगडच्या उत्पादकांनी ‘देवगड’ हे तालुक्याचे नाव सोडले नाही. दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने खपू लागला तेव्हा त्यांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले. नाशिकच्या वाइनलाही ‘नाशिक व्हॅली’ हे मानांकन आहे, पण सुलाच्या गाजलेल्या शिराझ वाइनवर ‘दिंडोरी रिझर्व्ह’ असे तालुक्याचे नाव येते, आणि गिऱ्हाईक ते नाव घेऊन बाटली मागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: काटोल आणि वरूडच्या फळात खाणाऱ्याला कळेल असा फरक खरोखर आहे का? तो गृहीत धरून चालणार नाही, मोजावा लागेल. त्यासाठी नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. गावनिहाय जमीन, बहर, गोडी आणि आंबटपणा यांच्या नोंदी सलग काही हंगाम ठेवणे या संस्थांच्या आवाक्यातले आहे. फरक सिद्ध झाला तर नाव उभे राहील. नाही झाला तरी कोणत्या जमिनीत कोणता बहर धरावा याची पक्की माहिती बागायतदाराच्या हाती येईल. भूजल झपाट्याने खाली गेलेल्या वरूड-मोर्शीत ती माहितीही मोलाची आहे.

सुरुवात लहान करता येईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपल्या सभासदांच्या बागा उक्त्या न देता एका बहरापुरती तोडणी स्वतः करावी आणि खोक्यावर गाव, बहर आणि तोडणीची तारीख या तीन गोष्टी छापाव्यात. कळमना, काटोल आणि वरूडच्या बाजार समित्यांनी अशा मालाचे ढीग वेगळे मांडून त्यांचा लिलाव वेगळा पुकारावा. नावाला किती भाव मिळतो याचा आकडा त्याच हंगामात समोर येईल, आणि पुढच्या वर्षी बाग उक्ती मागायला येणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलताना शेतकऱ्याला तो सांगता येईल.